मागच्या जिन्याचं दार

"गच्चीवरची टाकी राहिली," प्रणय म्हणाला. त्याचा हात माउसकडे जायच्या आत रसिकाने माउस आपल्याकडे ओढून घेतला. गेल्या वेळी प्रणयने टाकी बसवली होती, तेव्हा ती लिफ्टच्या खोलीवर तिरकी कलंडली होती आणि अर्धी दुपार ती सरळ करण्यात गेली होती.

जुलै महिना होता. खिडकीच्या काचेला हात लावला तर चटका बसायचा, आणि खाली आखातातल्या फहाहील शहराच्या रस्त्यावर संध्याकाळपर्यंत माणूस दिसायचा नाही. शाळा बंद होत्या. वर्गातली निम्मी मुलं भारतात गेली होती. रसिका आणि प्रणयचे बाबा लक्ष्मीकांत शुऐबाच्या एका रसायन कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते, आणि या उन्हाळ्यात त्यांची रजा मंजूर झाली नव्हती. झरीनच्या अब्बांचा, म्हणजे मजीदचाचांचा, त्याच इमारतीच्या तळमजल्यावर बकाला होता, किराण्याचं दुकान. ते दुकान सोडून रत्नागिरीला जाणं त्यांना फारसं जमायचंच नाही. त्यामुळे आठवीतल्या रसिका आणि झरीन आणि सहावीतला प्रणय असे तिघेच इमारतीत उरले होते, आणि सुट्टी लागल्यापासून तिघं मिळून एकच काम करत होते. ते आपली इमारत बांधत होते.

ही इमारत कॉमनयार्डमध्ये उभी राहत होती. कॉमनयार्ड हे इंटरनेटवरचं एक जग. तिथे जमीन हवी तेवढी मिळायची, विटा, काचा, पत्रे, झाडं सगळं मिळायचं, आणि आपण बांधलेल्या घरात आपलं छोटं माणूस घेऊन फिरता यायचं. त्या जगाची खरी मजा वेगळीच होती. तुम्ही बांधलेली वस्तू खुली केली, की ती जगातलं कुणीही आपल्या जागेत नेऊ शकायचं, मोडून बघू शकायचं, बदलू शकायचं.

प्रणयला हे सुरुवातीला पटलं नव्हतं. आपण घाम गाळायचा आणि लोकांनी आयतं न्यायचं, हे कसलं? झरीनने त्याला इमारतीतली लिफ्ट दाखवली. ती ब्राझीलमधल्या एका मुलीने बनवून खुली ठेवलेली होती. खजुराची झाडं ट्युनिसच्या कुणीतरी केलेली होती. दारावरची घंटासुद्धा कुणाचीतरी होती. मग प्रणयची तक्रार संपली.

कामं त्यांनी वाटून घेतली होती. आतलं सगळं रसिकाकडे: पुढचा जिना, मागचा जिना, लिफ्ट, प्रत्येक मजल्यावरचा बोळ. बाहेरचं झरीनकडे. ती ऊन उतरल्यावर पार्किंगमध्ये उभी राहून इमारतीचे चहूबाजूंनी फोटो काढायची आणि त्यावरून भिंती, बाल्कन्या, एसीचे डबे एकेक करून बसवायची. प्रणयने सगळ्यांच्या दारांपुढच्या चपला, कुंड्या आणि पाट्या केल्या होत्या. कुठल्याही गोष्टीत खोटेपणा चालवून घ्यायचा नाही, असं रसिकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सहाव्या मजल्यावरच्या भिंतीला तडा आहे ना, मग तो इथेही पाहिजे.

त्या दुपारी टाकी बसली, आतला भाग आणि बाहेरचा भाग एकमेकांत नीट बसले आणि इमारत पुरी झाली. आईने सांगितल्याप्रमाणे खरं नाव आणि पत्ता न लिहिता त्यांनी तिला नुसतं 'आमची इमारत' म्हटलं आणि खुली करून टाकली.

लोकांनी ती खरंच नेली. कुणी तिला शाळा केलं, कुणी गच्चीवर मासे सोडले. एकाने ती बर्फात नेऊन ठेवली, तेव्हा खजुराच्या झाडांवर बर्फ बघून तिघं पोट धरधरून हसले. रोज सकाळी उठलं की आधी आपली इमारत आज कुठे पोचली हे बघायचं, असा नियमच झाला.

एका सकाळी इमारतीखाली यूसुफ नावाच्या मुलाने काही लिहिलेलं होतं. तो अल्जीरियात राहायचा आणि त्याने एक खेळ बनवला होता. कुठलीही इमारत घ्यायची, तिच्यात आग लावायची, आणि आत असलेल्यांनी वेळेत बाहेर पडायचं. हा खेळही त्याने सगळ्यांना खुला ठेवला होता. त्याच्या इंग्रजीत चुका होत्या, पण अर्थ स्वच्छ होता. रसिकाने तो मोठ्याने सांगितला.

"तुमची इमारत फार सुंदर आहे. पण तिच्यात एक चूक राहिली आहे. मागचा जिना खाली कुठेच जात नाही. काल खूप जण खेळले. एकही बाहेर आला नाही. कृपा करून दुरुस्त करा."

खाली त्याने त्या खेळाचं चित्रीकरण जोडलं होतं. तिघांनी ते लावलं. आग पुढच्या बाजूला, तळमजल्यावरच्या विजेच्या मीटरांपाशी सुरू झाली आणि धूर पुढच्या जिन्यातून वर चढू लागला. आतली छोटी माणसं मागच्या जिन्याकडे वळली. पटापट खाली उतरली. जिन्याच्या तळाशी हिरव्या पाटीखालचं दार उघडलं, आणि पलीकडे भिंत होती. सरळ, कोरी भिंत. मागून येणारी माणसं पुढच्यांवर आदळत राहिली. कुणी परत वर जायला बघत होतं, पण वरून धूर उतरत होता. थोड्या वेळाने एकेक माणूस करडं होऊन नाहीसं झालं.

तो खेळ आहे हे तिघांनाही माहीत होतं. तरी ती माणसं त्यांच्याच जिन्यात, प्रणयने बनवलेल्या चपलांवरून धावत खाली आली होती. प्रणयने पडद्यावरून नजर काढून घेतली.

"भिंत उडवतो मी. एका मिनिटाचं काम आहे," तो म्हणाला.

"थांब," रसिका म्हणाली. "आधी कुणाचं चुकलंय ते बघू."

त्यावर भांडण झालं. रसिकाचं म्हणणं, जिन्याखाली दार आहे, ती स्वतः खाली जाऊन बघून आली आहे. दार आहे, वर हिरवी पाटी आहे, दाराला ढकलायचा आडवा दांडा आहे. झरीनचं म्हणणं, बाहेरून त्या जागी भिंत आहे, तिच्याकडे फोटो आहेत. तिने फोनमधले फोटो उघडून दाखवले. इमारतीच्या मागच्या बाजूला एक खोली पुढे आलेली दिसत होती, आणि तिच्या तिन्ही बाजूंना दार नव्हतं. रसिकाने फोटो मोठा करून पाहिला, मग पुन्हा पाहिला. दोघींपैकी कुणाचंच चुकलेलं नव्हतं.

मागच्या जिन्याने इमारतीतलं कुणी कधी जात नसे. लिफ्ट होती, ती बंद पडली तर पुढचा जिना होता. आज तिघं चौथ्या मजल्यावरच्या रसिकाच्या घरून त्याच जिन्याने खाली बघायला निघाले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक जुना फ्रिज उभा होता, त्याच्या बाजूने अंग चोरून सरकावं लागलं. तो रसिकाच्याच घरचा होता. नवा फ्रिज आला तेव्हा बाबांनी तो तात्पुरता इथे आणून ठेवला होता. त्याच्या खालच्या पायऱ्यांवर लोखंडी खाट, मोडकी सायकल, रंगाचे रिकामे डबे. रसिका मोजमापं घ्यायला आली होती तेव्हाही हे सामान होतं, पण इमारत बांधताना तिने ते धरलंच नव्हतं. सामान म्हणजे काही इमारत नव्हे, असं तिला वाटलं होतं.

तळाशी दार होतं. रसिकाने दांडा दाबून ढकललं. दार वीतभर सरकलं आणि थांबलं. तिघांनी मिळून जोर लावला. ते तिथून पुढे हललं नाही.

फटीतून अंधार दिसत होता. वास मात्र आला. तांदळाचा, सुतळीचा आणि कपड्यांच्या साबणाचा वास. झरीन एकदम मागे झाली. रसिकाने तिला काय झालं विचारलं.

"हा आमच्या दुकानाचा वास आहे," ती म्हणाली.

ती दोघांना पुढच्या बाजूने दुकानात घेऊन गेली. मजीदचाचा गल्ल्यावर होते. त्यांनी तिघांना थंड लबान, म्हणजे ताक, प्यायला दिलं आणि इतक्या उन्हात कुठे हिंडता म्हणून दटावलं. झरीन त्यांना न सांगता मागच्या खोलीत गेली. लहानपणापासून ती या खोलीत खेळली होती, पोत्यांवर झोपली होती. आज ती थेट मागच्या भिंतीपाशी गेली. तिथे छातीपर्यंत तांदळाची पोती रचलेली होती आणि त्यांच्या वर राखाडी पत्रा दिसत होता. तो पत्रा तिला कायम भिंतीचाच भाग वाटत आला होता. तिने पोत्यांवर चढून त्यावर हात फिरवला. मग मुठीने ठोठावलं. आवाज पोकळ आला.

ते दार होतं. इमारतीत राहणाऱ्या सगळ्यांचं बाहेर पडायचं दार, आणि ते तिच्या अब्बांच्या पोत्यांमागे होतं.

झरीनची दादी, फखरुन्निसा, पाचव्या मजल्यावर राहायची. गुडघ्यांमुळे ती चार पावलंही कशीबशी टाकायची. झरीन पोत्यांवरून उतरली तेव्हा तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

तिने आधी मला अब्बांशी बोलू दे, असं रसिकाला सांगितलं, आणि ती रात्रीच्या जेवणाला त्यांच्याशी बोलली. मजीदचाचा रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. माल ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी मागे ती खोली बांधून घेतली होती, मालकाच्या ऑफिसला विचारून, आणि भाडेकरूंची कामं बघणाऱ्या लक्ष्मीकांतभाईंना विचारून. दोघांनीही हरकत घेतली नव्हती. आणि कधी गरज पडलीच, तर लोक दुकानातून बाहेर पडू शकतील की. झरीनने विचारलं, दुकान बंद असेल तेव्हा? त्यावर ते म्हणाले की बघू, माल थोडा कमी झाला की पोती हलवू.

इकडे रसिकाने बाबांना विचारलं. लक्ष्मीकांत कारखान्यातून नुकतेच आले होते आणि बूट काढत होते. हो, खोलीबद्दल मजीदभाई बोलला होता, ते म्हणाले. दारापुरती जागा सोडली असणारच त्याने. रसिकाने सांगितलं की सोडलेली नाही. बघतो, ते म्हणाले. मग तिने यूसुफच्या खेळाबद्दल सांगितलं, आणि त्यांचा आवाज बदलला. आपल्या इमारतीत माणसं मरतात असा खेळ जगभर खेळला जातोय? मालकाला कळलं तर? त्यांनी ती इमारत लगेच काढून टाकायला सांगितली.

"आपली काढता येईल, बाबा," रसिका म्हणाली. "पण लोकांनी नेल्यात, त्या त्यांच्याकडेच राहणार. आम्ही तशाच दिल्यात त्यांना."

लक्ष्मीकांतांनी दुसरा बूट काढून कोपऱ्यात सारला. मग त्यांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत ते सगळं बंद झालं पाहिजे, एवढं सांगितलं आणि ते आंघोळीला गेले.

रसिकाला राग आला होता, पण त्याहून जास्त धक्का बसला होता. बाबांचं कामच ते होतं. कारखान्यात ते दर महिन्याला भोंगा वाजवून सगळ्यांना बाहेर काढायचे, आणि एखाद्या दारापुढे खोकं दिसलं तर फोरमनला फैलावर घ्यायचे. ते किस्से ते घरी रंगवून सांगायचे. त्याच माणसाने "बघतो" म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिघं पुन्हा पडद्यापुढे बसले. प्रणयला वाटत होतं की आता इमारत काढून टाकायची. रसिकाने सांगितलं की काढायची नाही, ती अजून खरी करायची. झरीनने भरीव भिंत फोडून आत खोली केली, आणि तिच्यात तांदळाची पोती, तेलाचे डबे, पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे जिथल्या तिथे ठेवले. पोत्यांवरचा उंटाचा छापसुद्धा तिने काढला. काढताना तिचे डोळे भरून येत होते, पण तिने दुसऱ्या कुणाला ते काम करू दिलं नाही. प्रणयने जिन्यात फ्रिज, खाट आणि सायकल आणली. यूसुफने त्यांना आपला खेळ कसा जोडायचा ते पायरी-पायरीने लिहून पाठवलं. चूक दुरुस्त करा असं त्याने म्हटलं होतं. ही चूक खरी आहे, असं रसिकाने त्याला कळवलं. मग त्याने फक्त विचारलं, तुम्ही अजून त्या इमारतीत राहता?

शुक्रवारी सकाळपासून धुळीचं वादळ होतं. खिडक्यांबाहेर सगळं पिवळं झालं होतं आणि समोरची इमारतही दिसत नव्हती. रसिकाची आई सुरेखा सरकारी इस्पितळात भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स होती, आणि तिला त्या दिवशी सुट्टी होती. नमाजानंतर मजीदचाचांनी दुकान उघडलंच नाही. दोन्ही घरं जेवायला एकत्र आली, दादीला लिफ्टने चौथ्या मजल्यावर आणलं, त्याच मजल्यावरच्या समोरच्या घरातलं मल्याळी जोडपंही आलं. मच्छीचं कालवण झालं, भात झाला, आणि मोठी माणसं गाद्यांवर लवंडायच्या बेतात असताना रसिका पुढे झाली.

तिने बाबांना आठवण करून दिली की आज शुक्रवार आहे. इमारत काढून टाकायची आहे. पण काढण्याआधी सगळ्यांनी ती एकदा खेळून बघावी, एवढंच तिचं मागणं होतं. त्यानंतर ते म्हणतील तसं. बाहेर जायची सोय नव्हतीच. सगळे हसत हसत तयार झाले. प्रणयने प्रत्येकाच्या फोनवर कॉमनयार्ड लावून दिलं आणि प्रत्येकाचं माणूस त्याच्या त्याच्या घरात उभं केलं. मोठ्या टीव्हीवर सगळी इमारत दिसत होती. दादीच्या माणसाला मुलांनी हळू चालायला लावलं होतं. मजीदचाचांनी खेळात तिचा हात धरला.

आपापली दारं, चपला, कुंड्या बघून कौतुक सुरू झालं. मल्याळी काकूंना आपली तुळस दिसली. मग मीटरांपाशी धूर दिसू लागला.

लक्ष्मीकांत ताठ बसले. त्यांचा आवाज घरातला राहिला नाही, कारखान्यातला झाला.

"लिफ्टला हात लावायचा नाही. पुढचा जिना विसरा. मागच्या जिन्याने, माझ्यामागे. घाई करू नका, पण थांबू नका."

सगळे त्यांच्यामागे निघाले. टीव्हीवर ती छोटी रांग बोळातून मागच्या जिन्याकडे वळताना दिसत होती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर रांग थांबली. लक्ष्मीकांतांचं माणूस अडकलं होतं.

"हा फ्रिज कुणी ठेवला इथे?" त्यांनी विचारलं.

"आपला आहे, बाबा," प्रणय म्हणाला.

कुणी तरी हसलं. लक्ष्मीकांत हसले नाहीत. ते फ्रिजला वळसा घालून खाली गेले, सायकलीवरून उतरले, तळाशी पोचले आणि दांडा दाबला. दार वीतभर उघडलं. त्यांनी पुन्हा दाबलं. फटीतून उंटाचा छाप दिसत होता. त्यांचा अंगठा फोनवर पुन्हा पुन्हा आपटत होता. मागून सुरेखा आली, मल्याळी जोडपं आलं, आणि सगळ्यांची माणसं त्या दारापाशी दाटली. वरून धूर उतरायला लागला. सर्वांत मागे, शेवटच्या काही पायऱ्यांवर, मजीदचाचा दादीला घेऊन येत होते. ती दोघं खालपर्यंत पोचलीच नाहीत.

टीव्हीवर एकेक नाव करडं होत गेलं. लक्ष्मीकांत. सुरेखा. फखरुन्निसा. मग पडदा काळा झाला.

दादीला खेळ नीटसा कळला नव्हता. ती मुलाला विचारत होती की आपण बाहेर का नाही आलो. मजीदचाचांनी फोन मांडीवर ठेवला होता.

"ती माझी पोती आहेत," ते म्हणाले.

लक्ष्मीकांत म्हणाले की खेळात थोडंफार पुढेमागे असेल, प्रत्यक्षात दार एवढं अडणार नाही. पण ते बोलत असतानाच सुरेखा उठली होती.

"चला, बघून येऊ," ती म्हणाली.

दादी आणि तिच्यासोबत थांबलेल्या मल्याळी काकू सोडून सगळे तिच्यामागे मागच्या जिन्यात आले. तिसऱ्या मजल्यावर खरा फ्रिज होता. मोठी माणसं आडवी होऊन एकेक करून त्याच्या बाजूने सरकली. मजीदचाचांचा सदरा खाटेच्या टोकाला अडकून फाटला. तळाशी लक्ष्मीकांतांनी दांडा दाबला, खांदा लावला, मग दोन्ही पाय टेकवून पूर्ण जोर लावला. दार वीतभर उघडलं. आतून तांदळाचा आणि साबणाचा वास आला.

ते दाराला खांदा लावून तसेच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून रसिकाला भीती वाटली. बाबांना असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

सुरेखा हळू बोलायची, तेव्हाही हळूच बोलली. "आमच्या वॉर्डात शुद्धीवर आलेल्यांना मी विचारते, कुठे सापडलात म्हणून. बरेच जण एकच सांगतात. दारापाशी."

मजीदचाचा पायरीवर बसले. या जिन्याने त्यांच्या आईला खाली यावं लागलं असतं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. लक्ष्मीकांत त्यांच्या शेजारी बसले.

"तू विचारलं होतंस, मजीदभाई. मी हो म्हटलं," ते म्हणाले. "रोज सकाळी मी दुसऱ्यांची दारं उघडून बघतो. हे एक दार मी कधी उघडून बघितलं नाही."

मग ते उठले आणि मुलांपुढे येऊन उभे राहिले. शिक्षा मिळणार असं प्रणयला वाटलं, आणि तो झरीनच्या मागे सरकला. लक्ष्मीकांतांनी विचारलं की जिन्याचं मोजमाप कुणी घेतलं. रसिकाने मान हलवली. बाहेरचे फोटो? झरीन. आणि फ्रिज, सायकल? प्रणयने मागूनच हात वर केला. कारखान्यात आपण इतकी वर्षं नकाशे वापरतो, ते म्हणाले, पण एवढा खरा नकाशा आपल्यापुढे कुणी ठेवला नव्हता.

त्याच दुपारी पोती हलायला लागली. धूळ अजून उडत होती. मजीदचाचांनी दुकान उघडलं आणि सगळा माल पुढच्या भागात आणून रचला. दुकानात उभं राहायला जागा उरली नाही, तर त्यांनी काउंटरच बाहेरच्या काचेपाशी सरकवला. मालकाच्या ऑफिसला लक्ष्मीकांतांनी फोन केला. तिथून सुट्टी संपल्यावर बघू, असं उत्तर आलं. लक्ष्मीकांतांनी त्यांना शांतपणे सांगितलं की ते विचारायला नाही, कळवायला फोन करत आहेत. इमारतीचा रखवालदार अबू सामी, ज्याला सगळे हारिस म्हणायचे, कुठूनतरी दोन घण घेऊन आला. दुसऱ्या दिवशी वादळ निवलं, तेव्हा मागच्या खोलीची बाहेरची भिंत फोडायला सुरुवात झाली. पहिला घाव मजीदचाचांनी घातला. फ्रिज, खाट आणि सायकल त्याआधीच खाली आली होती. फ्रिज उतरवताना लक्ष्मीकांतांचं बोट चेमटलं, आणि सुरेखाने पट्टी बांधताना त्यांना अजिबात दया दाखवली नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर लक्ष्मीकांतांनी सबंध इमारतीला मागच्या जिन्याने खाली उतरवलं. या वेळी कुणी त्यांच्यामागे आंधळेपणाने गेलं नाही. सगळ्यांत पुढे झरीन होती आणि तिने दार स्वतः उघडलं. ते भिंतीला जाऊन टेकेपर्यंत उघडलं. दादीला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. पार्किंगमध्ये विटांच्या ढिगाऱ्यापाशी खुर्ची टेकवली, तेव्हा तिने तिन्ही मुलांना जवळ बोलावलं, एकेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि झरीनला घट्ट धरून ठेवलं. मल्याळी काका सगळ्यांना हिंदीतून सांगत होते की या मुलांच्या शाळेत त्यांचं नाव कळवलं पाहिजे. मजीदचाचांनी मुलांसाठी आइस्क्रीमचा आख्खा डबा उघडला, पण स्वतः ते दाराकडेच बघत होते.

इमारत काढून टाकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. झरीनने कॉमनयार्डमधलीही खोली पाडली. यूसुफने खेळ पुन्हा चालवला, आणि सगळी छोटी माणसं धावत खजुराच्या झाडांखाली येऊन उभी राहिली. रसिकाने मागचा जिना वेगळा काढून तोही खुला केला. खाली तिने लिहिलं की हा जिना न्या, आपल्या इमारतीचा करा, पण आधी खाली जाऊन दार उघडून बघा.

बरेच दिवस जिना नेणाऱ्यांनी त्यात फुलं लावली, घसरगुंडी केली, मांजरं बसवली. मग एका संध्याकाळी, जेवणं चालू असताना, गाडीने पाऊण तासावर असलेल्या अर्दियात राहणाऱ्या अबोली नावाच्या मुलीने मराठीत लिहिलेलं दिसलं. तिने त्यांचा जिना नेऊन तिची इमारत बांधली होती. सांगितल्याप्रमाणे ती खाली जाऊनही आली होती. तिच्या जिन्याखालचं दार कुणीतरी बाहेरून वेल्डिंग करून टाकलं होतं. तिच्या घरी ते कुणालाच खरं वाटत नव्हतं.

रसिकाने ते वाचून दाखवलं. प्रणयच्या हातातला घास तसाच राहिला. सुरेखाने ताट बाजूला सारलं.

लक्ष्मीकांतांनी काही विचारलं नाही. ते उठले, हात धुतले आणि खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली.

"तिच्या आईबाबांचा फोन नंबर माग," ते रसिकाला म्हणाले. "आणि झरीनला खाली बोलाव. बाहेरून फोटो तिलाच काढता येतात."